पुडीपेक्षा पथ्याची काळजी जास्त

पत्र

"माझी लेक सात वर्षांची आहे. अडीच वर्षांची असताना घामाची तपासणी झाली आणि सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ) हा जन्मजात आजार निघाला. जेवताना अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल, अ-ड-ई-के जीवनसत्त्वं, रोज दोनदा खारट पाण्याचं नेब्युलायझेशन आणि छाती-पाठ थोपटणं, सगळं नेमाने चालू आहे. मागच्या महिन्यात थुंकीच्या तपासणीत स्यूडोमोनास हा जंतू सापडला, म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टोब्रामायसिनचं नेब्युलायझेशन सुरू झालं. त्याच सुमारास सासूबाईंच्या ओळखीच्या एका वैद्यांनी 'कफ मुळापासून काढतो' म्हणून पुड्या दिल्या. दिवसातून दोनदा मधातून द्यायच्या. त्यात शंखभस्म आहे एवढंच सांगितलं, बाकीचं गुप्त. शिवाय मीठ, दही, केळी, तूप बंद. पाच आठवडे झाले. घरात तुळस-अडुळसा-ज्येष्ठमधाचा काढा, हळदीचं दूध, गुळवेल, कापराची पुरचुंडी, संध्याकाळची धुरी हेही चालतं. सासूबाई म्हणतात, पाचक चूर्ण लागू पडलं की कॅप्सूलही सुटतील. त्यांचा नातीवर फार जीव आहे, त्यांना दुखवायचं नाही. डॉक्टरांना यातलं काही सांगितलेलं नाही. मागे एकदा काढ्याबद्दल नुसतं विचारलं तर ओरडले होते. काय ठेवू, काय बंद करू? योगासनं, जलनेती, होमिओपॅथी करून बघावी का? आणि संत्री चालतात का? कुणी म्हणतं, औषधांवर चालत नाहीत."

— एक आई, मानेवाडा, नागपूर

ताई,

पुड्यांबद्दल तुम्ही बरंच लिहिलंत आणि पथ्य एका ओळीत उरकलंत. मला त्या एका ओळीनेच दचकायला झालं. मीठ बंद. तेही नागपुरात, एप्रिलमध्ये, सीएफ असलेल्या सात वर्षांच्या पोरीला. हे पत्र वाचून होईपर्यंतही थांबू नका. आजच्या वरणात मीठ घाला आणि मग पुढचं वाचा.

कारण सांगते, म्हणजे सासूबाईंनाही सांगता येईल. आपल्या घामाच्या ग्रंथीत घाम तयार होताना खारट असतो, पण कातडीवर येईपर्यंत त्यातलं बरंचसं मीठ शरीर परत ओढून घेतं. हे काम ज्या दारातून होतं, ते दार सीएफमध्ये नीट उघडत नाही. ज्या जनुकावर त्या दाराची घडण लिहिलेली आहे, तो 1989 साली सापडला. मीठ परत ओढलं जात नाही, म्हणून अशा मुलाचा पापा घेतला की खारट लागतो, आणि म्हणूनच तुमच्या लेकीचं निदान घामातलं क्लोराइड मोजून झालं. म्हणजे घामाच्या प्रत्येक थेंबासोबत तिचं मीठ आपल्यापेक्षा कितीतरी जास्त जातं. थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांत हा विषय छोट्या परिच्छेदात संपतो. नागपुरात पारा 45 च्या वर जातो, नवतपा तर अजून यायचाच आहे. इथे तो पहिल्या पानावर हवा.

मीठ सतत कमी पडलं की आधी भूक जाते. मूल मलूल होतं, चिडचिडं होतं, ओकाऱ्या सुरू होतात, वजन वाढायचं थांबतं. घरच्यांना वाटतं, ऊन बाधलं. रक्त तपासलं तर सोडियम, क्लोराइड आणि पोटॅशियम तिन्ही घसरलेले दिसतात. डॉक्टर याला स्यूडो-बार्टर म्हणतात. आपल्याकडे काही बाळांचा सीएफ लक्षात येतो तोच मुळी अशा अवस्थेत, उन्हाळ्यात, सलाइन लावायची वेळ आल्यावर.

आता याला तुमचा काढा जोडून बघा. ज्येष्ठमधातला जो गोड घटक आहे, ग्लिसरायझिन, तो जास्त दिवस पोटात गेला तर लघवीवाटे पोटॅशियम बाहेर काढतो. एरवी धडधाकट माणसाने घसा बसला म्हणून दोन दिवस काडी चघळली तर काही होत नाही. पण अळणी जेवण, भर उन्हाळा आणि रोजचा ज्येष्ठमध हे तिन्ही एकाच पोरीच्या वाट्याला आलं तर ते पुडीतल्या कुठल्याही गुप्त औषधाइतकंच मला धोक्याचं वाटतं. ज्येष्ठमध काढ्यातून आजच काढा. मीठ किती वाढवायचं ते डॉक्टर वजन आणि रक्त बघून सांगतील. तोवर कैरीचं पन्हं मीठ घालून, मठ्ठा, लिंबू सरबत, ओआरएस हे हाताशी ठेवा. शाळेच्या बाटलीत साधं पाणी न देता ओआरएस द्या, आणि वर्गशिक्षिकेला सांगून ठेवा की हे ती अधूनमधून पिणार आहे.

तूप, दही, केळी यांचंही तसंच. आपल्या मनात 'कफकर' हा शब्द घट्ट बसलाय. पण सीएफमधला कफ दह्याने होत नाही. श्वासनलिकेच्या अस्तरावर पाणी कमी पडतं म्हणून तो घट्ट होतो, आणि संसर्गाशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए त्यात मिसळून तो आणखी चिकट होतो. दुधातुपाचा त्यात हात नाही. उलट या मुलांना स्निग्ध पदार्थ मुद्दाम जास्त द्यायचे असतात. एकूण उष्मांकांपैकी 35 ते 40 टक्के तेलातुपातून मिळावेत, असं सीएफचे आहारतज्ज्ञ सांगतात. आपल्या विदर्भाचं जेवण इथे कामाला येतं. वडाभातावर कढवलेलं तेल, पोह्यांवर तर्री, पोळीला तुपाचं बोट नव्हे, चांगला चमचा. तिखट सोसेल तेवढंच, पण तेलामिठाला आपल्याकडे कधी तोटा नव्हता. सोबत एन्झाइम हवंच. वजन हा सीएफमध्ये फुप्फुसाइतकाच महत्त्वाचा आकडा आहे, कारण ज्या मुलांचं वजन टिकतं त्यांची फुप्फुसंही जास्त टिकतात. पाच आठवड्यांत तिचं वजन किती हललं, तेवढं आजच बघा.

आता पुड्या. त्या बंद करा, पण फेकू नका. उरलेल्या सगळ्या एका डबीत घालून डॉक्टरांकडे न्यायच्या आहेत.

त्यात शंखभस्म आहे हे वैद्यांनी सांगितलं, ते बरं झालं. शंखभस्म म्हणजे मुख्यतः कॅल्शियम. सिप्रोफ्लॉक्सासिन पोटात कॅल्शियमला चिकटतं आणि रक्तात पुरेसं उतरतच नाही. लोह, झिंक, अ‍ॅसिडिटीची पांढरी औषधं, नुसतं दूध-दही यांच्यासोबतही तेच होतं. म्हणून हे औषध कॅल्शियमच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी द्यावं लागतं. आता विचार करा. तुम्ही औषधाची एकही वेळ चुकवली नाही, पुडीचीही चुकवली नाही. पुढच्या तपासणीत स्यूडोमोनास तसाच दिसला तर डॉक्टर काय समजतील? जंतू औषधाला दाद देत नाही. मग शिरेतून द्यायचं इंजेक्शन, दवाखान्यात भरती, आणखी कडक अँटिबायोटिक. आणि खरं कारण देवघराशेजारच्या फडताळात, कागदाच्या पुडीत. डॉक्टरांना सांगितलं पाहिजे म्हणते ते याच्यासाठी. ते ज्या रिपोर्टवर विश्वास ठेवून पुढचं ठरवतात, त्याचा अर्थच या पुडीने बदलतो.

बाकीचं 'गुप्त' आहे, हे मला मुळीच पसंत नाही. परवाना असलेल्या कारखान्यातल्या आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवरही घटक, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली असते. कागदाच्या पुडीवर काहीच नसतं. अमेरिकेत बोस्टन शहराच्या परिसरातल्या दुकानांतून भारतीय आणि दक्षिण आशियाई बनावटीची 70 आयुर्वेदिक औषधं घेऊन तपासली होती. 2004 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात 14 औषधांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ती तरी छापील लेबलाची होती. 'दम्यावर रामबाण' म्हणून विकलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळल्याचीही प्रकरणं होतात. अशी पुडी घेतली की मुलाला दोन दिवसांत हुशारी येते, भूक लागते, धाप कमी होते आणि घरात वैद्यांचा जयजयकार होतो. सीएफमध्ये स्वादुपिंड आधीच अशक्त असतं. त्यात स्टिरॉइडने साखर चढते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. तुमच्या वैद्यांनी असं काही केलंय, असं मी म्हणत नाही, पुडी न बघता म्हणणारही नाही. पण पाच आठवडे अज्ञात पूड पोटात गेली आहे, तेव्हा रक्तातलं शिसं, यकृताच्या तपासण्या, साखर आणि सोडियम-पोटॅशियम एवढं करून घ्यावं, हे डॉक्टरांना आपणहून सुचवा. आणि एक जपा. पुडीत स्टिरॉइड असेल तर ती एकदम बंद केल्यावर एखादं मूल अचानक गळून जातं, उलट्या होतात. म्हणून बंद केल्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा, पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघू नका.

डॉक्टर ओरडले होते म्हणता. काढ्याबद्दल विचारणाऱ्या आईवर ओरडणं चूकच. असं एकदा झालं की पुढची दहा वर्षं ती आई काही सांगत नाही आणि तोटा पोरीचा होतो. यावेळी तुम्ही प्रश्न विचारू नका, माहिती द्या. पुड्यांची डबी टेबलावर ठेवा आणि म्हणा, "हे पाच आठवडे दिलं, दिवसातून दोनदा, सिप्रोच्या जवळपासच्या वेळेला. मीठही बंद होतं. आज थांबवलंय. यासाठी काय तपासायचं?" एवढं नेमकं ऐकल्यावर बहुतेक डॉक्टर पेन उचलतात. तरी ओरडलेच तर दोन मिनिटं ओरडू द्या आणि मग तपासण्या लिहून घ्या.

वैद्यांकडे जाऊच नका, असंही माझं म्हणणं नाही. मी जन्मभर औषधशास्त्र शिकवलं. वनस्पतीतून काय काय निघतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. पण घटक लिहून न देणाऱ्या माणसाचं औषध मी माझ्या घरातल्या मुलाला देणार नाही, मग तो एमडी असो की वैद्य. सासूबाईंना आयुर्वेदाचाच सल्ला हवा असेल तर सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात जाऊन या. तिथे केसपेपर होतो, औषध लिहून मिळतं. तो कागद सीएफच्या डॉक्टरांना दाखवता येतो, आणि मुलीची सध्याची औषधंही तिथे दाखवता येतात.

अडुळशाचं सांगते, कारण तो मला आवडतो. त्यातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्झिन हे खोकल्याचं औषध घडवलं गेलं. केमिस्टकडे मिळणाऱ्या कितीतरी सिरपांत ते असतं. तेव्हा आजीचा अडुळसा अडाणी आणि बाटलीतलं सिरप शास्त्रीय, असा भेद मी करत नाही. पण ब्रोमहेक्झिन असो की अडुळसा, सीएफचा कफ त्याने सुटेल एवढा तो साधा नाही. त्यासाठीच 7 टक्क्यांपर्यंतचं खारट पाणी नेब्युलायझरमधून देतात. मीठ पाणी ओढतं आणि अस्तर ओलं होतं. डॉर्नेझ नावाचं औषध त्या कफातला डीएनए तोडतं. मग थोपटून, जोरात श्वास सोडून कफ बाहेर काढायचा. आणि यात खोकला आपल्या बाजूचा आहे. काढा देऊन 'आज खोकला थांबला' म्हणून घरात आनंद झाला तर मला काळजी वाटेल. कफ आत राहून खोकला थांबला असेल तर ती बरी खूण नाही. तुळस, आलं, थोडा अडुळसा असा पातळ काढा आठवड्यातून एखादवेळी अर्धी वाटी, तोही डॉक्टरांना सांगून, हरकत नाही. रोजचं औषध म्हणून नको.

हळदीचं दूध खुशाल द्या. फक्त दोन गोष्टी. दुधात स्निग्धांश आहे, म्हणजे त्याच्यासोबतही एन्झाइम लागतं. बऱ्याच घरी जेवणाला कॅप्सूल देतात आणि रात्रीचं दूध तसंच जातं, मग सकाळी तेलकट, वास मारणारी शी होते आणि सगळे विचारात पडतात की काल काय खाल्लं. दुसरं, सिप्रो चालू असेपर्यंत हे दूध त्याच्या वेळेपासून लांब. हळदीच्या कॅप्सूल मात्र आणू नका. 2004 साली उंदरांवरच्या एका प्रयोगात हळदीतल्या कर्क्युमिनने सीएफचा मूळ दोषच सुधारला, अशी बातमी जगभर गाजली होती. त्यानंतर इतर काही प्रयोगशाळांनी तेच करून पाहिलं, त्यांना तो परिणाम मिळाला नाही. बाजारात मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये कर्क्युमिन जास्त शोषलं जावं म्हणून मिऱ्यातलं पाइपरिन घालतात. ते इतर औषधांचं रक्तातलं प्रमाणही वरखाली करू शकतं. शिवाय अशा दाट अर्कांनी काही जणांच्या यकृताला सूज आल्याचं नोंदलं गेलंय. सीएफमध्ये पित्तही घट्ट होतं, यकृतावर आधीच ताण असतो.

यकृताचाच विषय निघाला म्हणून गुळवेल. कोरोनाच्या काळात घराघरांत गुळवेल उकळली गेली. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असावी, असं म्हटलं. वाद कुणाचा खरा, हे तुमच्या स्वयंपाकघरात ठरणार नाही. कुंपणावरची वेल नक्की कोणती, हे मलाही पानावरून छातीठोक सांगता येणार नाही. ती बंदच ठेवा. अश्वगंधाही त्याच कारणाने नको.

धुरी आणि कापूर आजपासून बंद. याला 'पण' नाही. ओवा, लसणाची सालं, वावडिंग निखाऱ्यावर टाकून बाळंतघरात धुरी द्यायची आपली रीत जुनी आहे, पण धूर तो धूर. ज्या फुप्फुसासाठी तुम्ही रोज दोन तास खपता, त्यात तो घालायचा नाही. उदबत्ती, डासांची कॉइल हेही त्यातच. कापूर मुलांच्या पोटात गेला तर झटके येतात आणि त्याला थोडासाच पुरतो. गळ्यातली पुरचुंडी सात वर्षांची पोर कधी तोंडात घालेल, सांगता येत नाही. निलगिरीच्या तेलाचंही तसंच. नाकात तेलतुपाचे थेंब सोडत असाल तर तेही नको. ते थेंब फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो, आणि तो अँटिबायोटिकने हटत नाही. नेब्युलायझरच्या कपात डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाशिवाय काही म्हणजे काहीही घालायचं नाही. पातेल्यावर डोकं झाकून वाफ घेण्याने मुलं भाजतात, फायदा तात्पुरता. खारट नेब्युलायझेशन चालू असताना तिची गरज नाही.

जलनेतीची कल्पना मुळात वाईट नाही. सीएफमध्ये सायनसही भरतात आणि डॉक्टर स्वतःच मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतात. पण नळाचं पाणी नको. उकळून गार केलेलं पाणी, मोजून मीठ, आणि लोटा रोज गरम पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा. स्यूडोमोनासला ओल आवडते. तोच नियम नेब्युलायझरच्या कपाला आणि, आपल्या गावात, कुलरला. यंदा नव्या ताट्या लावा, टाकीतलं पाणी साचू देऊ नका, आणि कुलरचा झोत तिच्या पलंगावर नको.

पाचक चूर्णाने कॅप्सूल सुटणार नाहीत, हे सासूबाईंना स्पष्ट सांगायला हवं. तिच्या स्वादुपिंडातून चरबी पचवणारं लायपेज आतड्यात पोचतच नाही. ओवा-हिंग-सैंधवाने वात सरेल, लायपेज येणार नाही. औषधाच्या दुकानातल्या पाचक सिरपांतही बहुधा डायास्टेस आणि पेप्सिन किंवा पपेन असतं, म्हणजे पिष्ट आणि प्रथिनांपुरतं. कॅप्सूल गिळत नसेल तर उघडून आतले दाणे सफरचंदाच्या गरात किंवा टोमॅटो सॉसमध्ये द्या. चावू द्यायचे नाहीत, गरम पदार्थात किंवा दुधात घालायचे नाहीत. दाण्यांवरचं आवरण आतड्यात जाऊन विरघळावं लागतं. पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल किंवा त्रिफळाही स्वतःहून नको. सीएफमध्ये घट्ट मळाने आतडं तुंबतं, तिथे इसबगोलने अडचण वाढू शकते, आणि त्रिफळ्याने जुलाब झाले तर पुन्हा मीठ जाणार.

होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांनी सहसा औषधांशी भांडण होत नाही. त्यांच्या भरवशावर दुसरं काही थांबलं, तरच नुकसान. योगासनं करा, आनंदाने करा. दीर्घ श्वास, सिंहासन, सूर्यनमस्कार, पोहणं, गच्चीवर उड्या मारणं, गाण्यावर नाचणं, सगळ्याने कफ हलतो. थोपटण्याच्या बदल्यात नाही, त्याच्या जोडीला. थुंकीत रक्त दिसलं किंवा छातीत एकाएकी दुखलं तर कपालभाती-भस्त्रिका बंद आणि डॉक्टरांना फोन.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना काम द्या. आजीच्या हातच्या तेलमालिशीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. खोबरेल तेल कोमट करून पाठ-छाती-पाय, आणि मालिश झाली की लगेच थोपटण्याची वेळ. ते तंत्र फिजिओथेरपिस्टकडून आजींनाच शिकून येऊ द्या. हाताची ओंजळ कशी धरायची, कुठल्या कुशीवर किती वेळ, हे एकदा त्यांच्या हातात बसलं की नातीला बरं करण्यात त्यांचा वाटा खराखुरा होतो. पन्हं त्या करतील, मीठ चाखून त्या घालतील. अळणीचं पथ्य मोडलं म्हणून त्यांना अपराधी वाटत असेल, तर पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि रक्तातलं सोडियम का मोजतात, ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सुनेकडून ऐकणं जड जातं, बाप्पा, कोणालाही.

पोरीचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, ओकाऱ्या थांबेनात, पोट फुगून दुखलं आणि शी-वारा बंद झाला, किंवा ती नेहमीपेक्षा फार झोपाळू वाटली तर सकाळची वाट न बघता मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), एम्स, जिथे तिचा केसपेपर असेल तिथे इमर्जन्सीला न्या, पुड्यांची डबी सोबत घेऊन. औषधाचा दुष्परिणाम झाल्याची नोंद करायला सरकारचा 1800-180-3024 हा मोफत क्रमांक आहे. तिथे घरच्या माणसालाही नोंद करता येते.

आणि संत्री. अमेरिकेत 2019 साली सीएफच्या मूळ दोषावर चालणाऱ्या तीन औषधांच्या एकत्र गोळीला मान्यता मिळाली. अशा गोळ्यांना मॉड्युलेटर म्हणतात. त्या घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट खायचं नसतं, कारण ते यकृतातलं एक एन्झाइम अडवतं आणि औषध रक्तात साचतं. पपनस त्याच कुळातलं, म्हणून तेही टाळलेलं बरं. तुमच्या कानावर आलेली गोष्ट बहुधा तिथून फिरत आली. तुमची लेक या गोळ्यांवर नाही, आणि नागपुरी संत्र हे ग्रेपफ्रूट नव्हे. उद्या कधी मॉड्युलेटर सुरू झालंच, तर काढे-चूर्णांची ही सगळी यादी पुन्हा एकदा डॉक्टरांसमोर ठेवा, कारण त्या गोळ्यांशी वनस्पतींच्या अर्कांचं जास्त जमत नाही. मृग बहार आता संपत आलाय, मिळतील तेवढी संत्री खाऊ द्या. नुसत्या फळाला एन्झाइमची कॅप्सूल लागत नाही. वर थोडं मीठ भुरभुरलं तर उत्तमच.